इक्बाल यांची ‘अल-अर्जु लिल्लाह’ : मालकीचा नकार आणि जबाबदारीचा प्रश्न

अल्लामा इक्बाल यांच्या ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) या संग्रहात ‘अल-अर्जु लिल्लाह’ ही अवघ्या चार शेरांची कविता आहे. आठ ओळींची ही रचना उर्दूच्या विद्यार्थ्याला सहज पाठ होते, वक्तृत्व स्पर्धांत म्हटली जाते आणि इस्लामचा जमीनविषयक दृष्टिकोन सांगताना पुरावा म्हणून पुढे केली जाते. तिची लोकप्रियता रास्त आहे. मात्र या लोकप्रियतेमुळेच ती नीट वाचली जात नाही. तिचे दोन ठरावीक अर्थ लावले जातात. एका वाचनात ती निव्वळ ‘हम्द’ ठरते, म्हणजे निसर्गातील ईश्वरी कर्तृत्वाचे वर्णन. दुसऱ्या वाचनात ती जमीनदारीविरुद्धची घोषणा ठरते आणि इक्बाल यांना समाजवादाच्या उंबरठ्यावर आणून उभे केले जाते. पहिले वाचन शेवटचा शेर विसरते. दुसरे वाचन शेवटच्या ओळीतील शेवटचे दोन शब्द विसरते. कवितेचा कस या दोन शब्दांत आहे.

रचना पाहावी. पहिल्या तीन शेरांत केवळ प्रश्न आहेत. मातीच्या अंधारात बी कोण वाढवते, नद्यांच्या लाटांतून ढग कोण उचलते, पश्चिमेकडून अनुकूल वारा कोण ओढून आणते, असे प्रश्न एकामागून एक येतात. गव्हाच्या ओंबीचा खिसा मोत्यांनी कोणी भरला आणि ऋतूंना बदलण्याची सवय कोणी लावली, हेही विचारले जाते. या पाच प्रश्नांत विचारणा कर्त्याची आहे. मधली एकच ओळ निराळी आहे. माती कोणाची आणि सूर्याचा प्रकाश कोणाचा, असे तीत विचारले आहे. म्हणजे ‘कोण करतो’ या प्रश्नमालेच्या पोटात ‘कोणाचे आहे’ हा प्रश्न कवीने हळूच ठेवून दिला आहे. जो राबतो तोच धनी, हा तर्क उघड न मांडता प्रश्नांच्या क्रमातून वाचकाच्या मनात उतरवला जातो. तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला यात फट दिसेल, कारण कर्तृत्वावरून मालकी आपोआप सिद्ध होत नाही. पण ही कविता आहे आणि कवितेत हा सांधा जुळून येतो. सूर्यप्रकाशावर कोणीही सातबारा काढलेला नाही हे सर्वांना ठाऊक आहे. मातीला त्या प्रकाशाशेजारी, एकाच ओळीत बसवल्याने मातीवरचा दावाही तितकाच विचित्र वाटू लागतो.

‘पच्छम’ हा देशी शब्दही लक्षणीय आहे. फारसी वळणाच्या या रचनेत ‘मगरिब’ सहज आला असता. पंजाबात हिवाळी पाऊस पश्चिमेकडून येतो आणि त्यावर गव्हाचे पीक पोसते. हा वारा शेतकऱ्याच्या बोलीतला आहे. इक्बाल यांच्या काव्यात पाश्चात्य संस्कृतीवर टीका असते म्हणून येथेही ‘पश्चिम’ शब्दात उपरोध शोधणारे काही टीकाकार उगाच श्रम घेतात. ऋतूंच्या संदर्भात ‘इन्किलाब’ हा शब्द योजण्यात मात्र हेतू दिसतो. फिरणे, पालटणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि १९३५ साली त्याला चढलेला राजकीय अर्थ, हे दोन्ही तेथे एकत्र ऐकू येतात. लगेच पुढच्या शेरात जमीनदाराला हाक मारली जाते, त्यामुळे हा योगायोग मानता येत नाही.

त्या हाकेचा शब्द आहे ‘दहखुदाया’. फारसीत ‘दह’ म्हणजे गाव आणि ‘खुदा’ म्हणजे धनी. घराचा प्रमुख तो कदखुदा, नावेचा तो नाखुदा. कोकणात आजही ऐकू येणारा ‘नाखवा’ याच शब्दाचे रूप आहे. दहखुदा म्हणजे गावचा धनी, जमीनदार. फारसी भाषकाला या शब्दात वावगे काही ऐकू येत नाही. उर्दू वाचकाच्या कानी मात्र त्यातला ‘खुदा’ मोठ्याने पडतो. तीन शेर खऱ्या खुदाबद्दल विचारून झाल्यावर चौथ्यात गावचा ‘खुदा’ समोर उभा केला जातो आणि ही जमीन तुझी नाही असे त्याला बजावले जाते. येथे जमीनदारी हा केवळ अन्याय राहत नाही. तो शिर्कच्या, म्हणजे अल्लाहच्या सत्तेत भागीदार मानण्याच्या, जवळ जाऊन पोहोचतो. एवढा मोठा आरोप एका संबोधनात मावला आहे. मराठी अनुवादक येथे ‘जमीनदार’ लिहून मोकळे होतात आणि कवितेचा कणा मोडतो. ‘गावच्या धन्या’ हे शब्द अधिक जवळचे आहेत, कारण मराठीत ‘धनी’ हा मालकही असतो आणि जगाचा धनीही.

यानंतर कवी पूर्वजांकडे वळतो. जमीन तुझ्या वाडवडिलांचीही नाही, असे तो म्हणतो. दख्खनच्या वाचकाला येथे ‘मिरास’ हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. मिरासदाराचा सारा हक्क वडिलोपार्जित असण्यावर उभा होता आणि ‘मिरास’ हा शब्द अरबी ‘मीरास’, म्हणजे वारसा, यावरून आला आहे. आता कवितेच्या शीर्षकाचे मूळ पाहावे. सूरह अल-आराफच्या १२८व्या आयतीत हजरत मूसा (अ.) फिरऔनच्या जुलुमाखाली पिचलेल्या आपल्या लोकांना धीर देतात. अल्लाहची मदत मागा, संयम राखा, पृथ्वी अल्लाहची आहे आणि तो आपल्या दासांपैकी ज्याला इच्छील त्याला तिचा वारस करतो, असा त्या सांगण्याचा आशय आहे. ‘वारस करतो’ यासाठी तेथे जे क्रियापद आहे त्याचा आणि ‘मीरास’चा धातू एकच. म्हणजे कुरआन वारसा नाकारत नाही, वारसा देणारा बदलतो. बाप देत नाही, अल्लाह देतो, आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. इक्बाल यांनी या आयतीतील पहिला भाग शीर्षकात घेतला, वारसाहक्काचे खंडन शेवटच्या ओळीत घेतले आणि नव्या वारसाचा उल्लेख गाळला.

ही गाळणी पुढे महत्त्वाची ठरते. कारण लगेच पुढच्या, १२९व्या आयतीत लोक तक्रार करतात की तुम्ही येण्यापूर्वीही आमचा छळ होत होता आणि नंतरही होतो आहे. त्यावर हजरत मूसा (अ.) सांगतात की कदाचित तुमचा पालनकर्ता तुमच्या शत्रूचा नाश करील, तुम्हाला भूमीवर त्याच्या जागी आणील आणि मग तुम्ही कसे वागता ते पाहील. ‘पृथ्वी अल्लाहची आहे’ हे वाक्य पीडितांना दिलासा म्हणून सांगितले गेले आणि एका आयतीच्या अंतरावर तेच त्यांची परीक्षा झाले. उतराई, जबाबदारी, हिशेब हे सारे १२९मध्ये आहे. इक्बाल यांची कविता १२८वर थांबते.

दुसरी एक उणीव याहून सूक्ष्म आहे. या कवितेची प्रश्नशैली सूरह अल-वाकिआच्या ६३व्या आयतीपासूनच्या भागाशी उघडपणे नाते सांगते. तेथेही पेरणी, ढगांतून उतरणारे पाणी आणि अग्नी यांविषयी असेच प्रश्न आहेत. पण तेथील पहिला प्रश्न नांगरणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. तुम्ही जे पेरता त्याकडे पाहिलेत का, ते तुम्ही उगवता की आम्ही उगवणारे आहोत, असा त्याचा भावार्थ. अरबीत येथे दोन भिन्न क्रियापदे आली आहेत, एक जमीन नांगरून पेरण्याचे आणि दुसरे उगवून आणण्याचे. पहिले काम माणसाचे, दुसरे अल्लाहचे. माणसाचा घाम नाकारलेला नाही, त्याची मर्यादा तेवढी दाखवली आहे. इक्बाल यांच्या कवितेत बी आहे, वारा आहे, ओंबी आहे, जमीनदारही आहे. शेतकरी कोठेच नाही. बी मातीत पडले कसे, हा प्रश्न कवितेला पडत नाही. ज्या पंजाबात ही कविता लिहिली गेली तेथील गव्हाचा मोठा भाग एव्हाना कालव्यांच्या पाण्यावर पिकत होता. कालवे सरकारने काढले होते, पाणीपट्टी सरकार घेत होते आणि कालव्यांच्या वसाहतींतील जमिनी सरकारच वाटत होते. कवितेतील पाणी मात्र थेट ढगांतून येते. या सरलीकरणाने कवितेला झळाळी आली हे खरे, पण जमिनीच्या प्रश्नातील तीन पात्रे, कुळ, सावकार आणि सरकार, तिच्याबाहेर राहिली.

इक्बाल यांना ही पात्रे ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. ते १९२६ साली पंजाब कायदेमंडळावर निवडून गेले होते. तेथे १९२८ साली जमीन महसुलावर बोलताना सर्व जमिनीचा मालक सरकार आहे या सिद्धांताला त्यांनी विरोध केला आणि पाच बिघ्यांपर्यंतच्या लहान शेतकऱ्याला साराच माफ असावा अशी मागणी मांडली. ‘बाल-ए-जिब्रील’मध्येच ‘फरमान-ए-खुदा’ ही कविता आहे. शेतकऱ्याचे पोट न भरणारे शेत जाळून टाकण्याची आज्ञा तीत देवाच्या तोंडी येते. ‘पंजाब के दहकान से’ या कवितेत तर ते शेतकऱ्यालाच त्याच्या सुस्तीबद्दल फटकारतात. त्याआधीच्या ‘जावीदनामा’ (१९३२) या फारसी महाकाव्यात जमालुद्दीन अफगाणी यांच्या मुखी कुरआनी जगाचे चार आधार सांगितले आहेत. आदमचे प्रतिनिधित्व, ईश्वरी शासन, भूमीची ईश्वरी मालकी आणि ज्ञानाचे श्रेष्ठत्व असे ते चार आधार आहेत. तेथेही हाक ‘दहखुदाया’ अशीच आहे. त्याला सांगितले जाते की जमिनीपासून भाकरी घे, कबर घे, तिलाच घेऊ नकोस. उपभोग आणि स्वामित्व यांतील भेद यापेक्षा कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितला असेल. विशेष म्हणजे ‘जावीदनामा’त भूमीचा विचार आदमच्या प्रतिनिधित्वाच्या विचारानंतर येतो. माणूस कोण आहे हे आधी सांगून मग जमीन कोणाची ते सांगितले आहे. उर्दू कवितेत हा पूर्वार्ध नाही. म्हणून ‘अल-अर्जु लिल्लाह’ एकटी शिकवणे हे अर्धे वाक्य शिकवण्यासारखे आहे.

अर्धे वाक्य किती महागात पडते याचे उदाहरण इक्बाल यांना राष्ट्रकवी मानणाऱ्या देशातच सापडते. पाकिस्तानच्या स्थापनेनंतर ‘भूमी अल्लाहची’ या वाक्याचे दोन परस्परविरोधी अर्थ लावले गेले. गुलाम अहमद परवेज यांनी त्यातून खासगी मालकीचा निषेध काढला. मौलाना मौदूदी यांनी ‘मसला-ए-मिल्कियत-ए-जमीन’ या पुस्तकात अल्लाहची सार्वभौम मालकी मान्य करूनही शरीअतीत व्यक्तीच्या मालकीला पूर्ण स्थान आहे, असे प्रतिपादन केले. वाद पुस्तकांपुरता राहिला नाही. १९७२ आणि १९७७ च्या कायद्यांनी घातलेल्या जमीनधारणेच्या मर्यादेला कजलबाश वक्फने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या शरीअत अपील पीठाने १९८९ साली बहुमताने या कायद्यांतील प्रमुख तरतुदी इस्लामविरोधी ठरवल्या. मोठ्या जमीनदारांना त्या निकालाने मोठे संरक्षण मिळाले. अर्जदार वक्फ होता, म्हणजे अल्लाहच्या नावे ठेवलेली मालमत्ता, हा भाग एखाद्या कथालेखकाला सुचला असता तर अतिशयोक्त म्हणून टीकाकारांनी खोडून काढला असता. निकालाच्या कायदेशीर गुणदोषांत येथे जाण्याचे कारण नाही. एवढेच दिसते की ईश्वरी मालकीच्या सिद्धांतातून कुळाला जमीन आपोआप मिळत नाही. त्याच वाक्याच्या आडोशाला दहखुदाही उभा राहू शकतो.

याउलट दिशेचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तत्कालीन हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली येथे दलितांनी विनोबा भावे यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावातील रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. सारी भूमी गोपालाची, हा विनोबांचा आधार होता. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाशाप्रमाणे जमिनीवरही कोणाची मालकी असू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद इक्बाल यांच्या चौथ्या ओळीच्या अगदी शेजारचा आहे. विनोबांनी अरबीतून कुरआनचा अभ्यास केला होता आणि निवडक आयतींचा ‘कुराण-सार’ही सिद्ध केला होता. तथापि इक्बाल यांच्या कवितेचा त्यांच्यावर प्रभाव होता असे म्हणण्याची आवश्यकता नाही. दोघांच्या पाठीशी स्वतंत्र परंपरा आहेत. फरक हाकेच्या स्वरात आहे. इक्बाल दहखुदाला ‘तुझी नाही’ असे सांगतात. विनोबा त्याला आपल्याला घरातला आणखी एक मुलगा समजून वाटा द्यायला सांगत. विनोबांच्या स्वराने चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन जाहीर झाली. त्यातील बराच भाग मात्र नापीक, वादग्रस्त किंवा वाटपाविना राहिला. देणाऱ्याचे मन वळले, पण जमीन कसणाऱ्याच्या हाती पोहोचेपर्यंत तिची काळजी कोणी घ्यायची, हे काम तितक्या निष्ठेने झाले नाही.

इस्लामी फिकहने हे काम अधिक व्यवहारी पद्धतीने हाताळले होते. इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये पडीक जमिनीविषयी नियम आढळतो. मृत जमीन जिवंत करणाऱ्याचा तिच्यावर हक्क निर्माण होतो आणि नुसते कुंपण घालून तीन वर्षे ती तशीच पडू देणाऱ्याचा हक्क हजरत उमर (र.) यांच्या वचनानुसार उरत नाही. जबाबदारी हा येथे उपदेशाचा विषय नसून हक्काची अट आहे. महाराष्ट्रातील सातबारावर जमीन धारण करणाऱ्याला ‘मालक’ न म्हणता ‘भोगवटादार’ म्हणतात. महसुली भाषेतील हा शब्द ईश्वरनिष्ठेतून आलेला नाही हे उघड आहे, तरी इक्बाल यांचा ‘उपभोग घे, तिला घेऊ नकोस’ हा भेद समजावताना वर्गात त्याचा उपयोग व्हावा.

वक्फचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा तो येथील संदर्भात टाळता येत नाही. हनफी फिकहमध्ये इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते वक्फ केलेल्या वस्तूची मालकी दात्याकडून निघून अल्लाहकडे जाते. मुतवल्ली हा केवळ व्यवस्थापक. ‘अल-अर्जु लिल्लाह’ला कायद्याचे रूप कोठे मिळाले असेल तर ते येथे. त्या जमिनीचे काय झाले? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आणि सुमारे ६ लाख एकर जमीन होती. नोंदीनुसार तिचे मूल्य ६,००० कोटी रुपये आणि वार्षिक उत्पन्न १६३ कोटी रुपयांच्या आसपास, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी होते. अतिक्रमणे सरकारी यंत्रणांची होती तशी खासगी व्यक्तींचीही होती. २०२५ साली १९९५ च्या वक्फ कायद्यात झालेल्या दुरुस्तीवर देशभर वाद झाला. नियंत्रण कोणाचे असावे हा त्यातील रास्त आणि गंभीर प्रश्न होता. मात्र नाममात्र भाड्याने वर्षानुवर्षे दिलेल्या जागांबद्दल आणि हिशेब न देणाऱ्या मुतवल्लींबद्दल समाजात तेवढ्या आवेशाने बोलले जात नाही. गावचा धनी होण्यासाठी जमीनदारच असावे लागत नाही. मुतवल्लीही दहखुदा होऊ शकतो, संस्थेचा पदाधिकारीही होऊ शकतो.

आणि म्हणून कवितेतील शेवटच्या दोन शब्दांकडे परतावे लागते. शेवटच्या शेरात ‘तेरी नहीं’ हा नकार वारंवार येतो, ध्वनी चढत जातो आणि टाळ्यांची जागा तयार होते. त्याच लयीत, त्याच वजनात, स्वर जराही न बदलता ‘मेरी नहीं’ येते आणि कविता संपते. पुढे स्पष्टीकरण नाही, मालकाचे नावही नाही. ते नाव शीर्षकात, अरबीत, आधीच देऊन ठेवले आहे. कवितेत जबाबदारीला जागा असेल तर ती या दोन शब्दांपुरतीच आहे. जाब विचारणारा स्वतःला जाबातून वगळत नाही. १२९व्या आयतीतील ‘तुम्ही कसे वागता’ हे येथे अस्फुटपणे ऐकू येते. ते अस्फुट आहे, हा या कवितेचा दोष मानावा लागेल, कारण सभेत म्हणताना हे शब्द टाळ्यांत बुडतात. मराठीत कविता आणताना अनुवादकाने यमकाच्या सोयीसाठी ‘तुझी’ शेवटी आणि ‘माझी’ मध्ये नेली तर चूक केवळ छंदाची राहणार नाही. ‘तुझी नाही, तुझ्या वाडवडिलांची नाही’ येथपर्यंतचा आवेश मराठीत सहज उतरतो. त्यानंतर थोडे थांबून, आवाज न चढवता, ‘माझी नाही’ असे म्हणता येईल अशी ओळ अनुवादकाला बांधावी लागेल.